घटक ४ : ग्रंथ आणि वाचक यांच्यामधील भिंत : डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे जीवनकार्य

४.० उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• डॉ. रंगनाथन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या पाच सूत्रांचा वाचकाच्या दृष्टीने अर्थ स्पष्ट करता येईल.
• वाचनाची गोडी निर्माण करण्यात ग्रंथपालाचा वाटा कोणता, याचे विवेचन करता येईल.
• आपल्या परिसरातील ग्रंथालयाकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. चरित्रनायक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा राजा, सेनानी, संत किंवा समाजसुधारक उभा राहतो. ग्रंथालयात आयुष्य घालवणाऱ्या माणसाच्या जीवनात सांगण्याजोगे काय असणार, अशी शंका आपल्याला येऊ शकेल. या घटकात आपण अशाच एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत.

त्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपण पहिल्यांदा ग्रंथालयात गेलात तेव्हा काय घडले होते? कदाचित टेबलापलीकडे बसलेल्या व्यक्तीने मान वर न करता पुस्तकाचे नाव विचारले असेल. नाव ठाऊक नसल्यामुळे आपण गोंधळला असाल आणि हाती पडेल ते पुस्तक घेऊन, किंवा काहीच न घेता परतला असाल. किंवा कोणी आपल्याला आत नेऊन मांडणीसमोर उभे केले असेल आणि हवे ते बघा असे सांगितले असेल. या दोन अनुभवांत जे अंतर आहे, ते मिटवण्यासाठी रंगनाथन यांनी सुमारे अर्धशतक वेचले. लोक वाचत नाहीत, ही तक्रार त्यांच्या काळीही होती. परंतु दोष लोकांच्या माथी मारण्याआधी पुस्तक आणि माणूस यांच्यामध्ये काय आडवे येते ते शोधले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि शिक्षण

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांताच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. हे गाव आज सीरकाळी या नावाने ओळखले जाते. वडील रामामृत अय्यर यांना रामायणाची आवड होती आणि ते जमलेल्या मंडळींसमोर रामकथेचे निरूपण करीत. रंगनाथन जेमतेम सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. ग्रंथातील कथा ऐकण्यासाठी माणसे जमतात, हे दृश्य मात्र त्यांच्या बालपणाचा भाग होते.

शालेय शिक्षण गावी पूर्ण करून ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. तेथे गणित शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड रॉस त्यांना गुरुस्थानी लाभले. पुढे आयुष्यातील एका निर्णायक क्षणी हेच गुरू त्यांच्या उपयोगी पडले, ते आपण पाहूच. गणितात बी.ए. आणि एम.ए. या पदव्या संपादन केल्यावर रंगनाथन यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि १९१७ पासून मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथील शासकीय महाविद्यालयांत गणित शिकवले. त्यांना बोलताना अडखळण्याचा त्रास होता. तरीही त्यांनी अध्यापनाचाच व्यवसाय निवडला आणि त्या दोषावर हळूहळू मात केली. वर्गात उभे राहून शिकवणे हेच त्यांना आपले जीवितकार्य वाटत होते.

४.२.२ नकोसे वाटलेले पद

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद जाहीर केले. सुमारे नऊशे अर्ज आले, पण त्यांतील एकाही उमेदवाराकडे ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. रंगनाथन यांनीही फारशा उत्साहाने अर्ज केला नव्हता. मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत ते आपल्या अर्जाविषयी विसरूनही गेले होते. मुलाखतीच्या काही दिवस आधी विश्वकोशातील एक लेख वाचून त्यांनी या विषयाची तोंडओळख करून घेतली. गणितविषयक संशोधनलेख त्यांच्या नावावर असल्यामुळे निवड समितीचे समाधान झाले आणि जानेवारी १९२४ मध्ये ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले.

येथे आपली अपेक्षा अशी असेल की, ग्रंथांच्या सहवासात ते रमले असतील. प्रत्यक्षात उलट घडले. भोवती पुस्तके होती, पण वर्गातील विद्यार्थ्यांसारखी जिवंत वर्दळ नव्हती. तो एकांत त्यांना असह्य झाला. काही आठवड्यांतच ते अधिकाऱ्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा शिकवण्याच्या कामावर घ्यावे, अशी विनवणी त्यांनी केली. अखेर एक तडजोड निघाली. त्यांनी इंग्लंडला जाऊन तेथील ग्रंथालयांचा अभ्यास करावा आणि परतल्यावरही मन लागले नाही, तर गणिताच्या अध्यापनाची जागा त्यांच्यासाठी मोकळी असावी, असे ठरले.

या प्रसंगाकडे आपण बारकाईने पाहावे. रंगनाथन कंटाळले ते पुस्तकांना नव्हे, तर माणसांवाचूनच्या पुस्तकांना. शिक्षकाला जशी विद्यार्थ्याची ओढ असते, तशी त्यांना वाचकाची ओढ होती. परंतु ग्रंथपालाचे काम माणसांशी असते, हे अद्याप त्यांना उमगायचे होते.

४.२.३ इंग्लंडमधील दृष्टिदान

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तेथील अध्यापक बर्विक सेयर्स हे क्रॉयडन या उपनगरातील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रंगनाथन यांनी प्रत्यक्ष काम पाहिले आणि इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालयांना भेटी दिल्या.

तेथे त्यांना वेगळेच जग दिसले. ग्रंथालयात बालकांसाठी स्वतंत्र दालन होते. कामगार, गृहिणी, व्यापारी अशा निरनिराळ्या थरांतील माणसे तेथे येत होती. वाचकाला मांडणीपर्यंत जाता येत होते आणि पुस्तक हाताळून निवडता येत होते. वाचनाची आवड ही जन्मजात देणगी नसून योग्य व्यवस्थेत ती रुजवता व जोपासता येते, याची त्यांना खात्री पटली. त्याचबरोबर, ही कामे जागोजागी अनुभवाच्या बळावर चालली असली, तरी त्यांना एकत्र बांधणारे शास्त्र नाही, ही उणीवही त्यांच्या गणिती मनाला जाणवली.

लंडनमधील एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू निरनिराळ्या प्रकारे जोडून निरनिराळी खेळणी तयार होत होती. ग्रंथांचे विषयही असेच मूलघटकांच्या जोडणीतून मांडता येतील, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. तिच्यातूनच पुढे त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती विकसित झाली. परतीच्या प्रवासात त्यांनी जहाजावरील ग्रंथसंग्रहाचीही या नव्या विचाराने फेरमांडणी करून पाहिली. जुलै १९२५ मध्ये ते मद्रासला परतले, तेव्हा गणिताच्या जागेची आठवण काढण्याची त्यांना गरजच उरली नव्हती.

४.२.४ मद्रास : कुलूप निघाले

जुन्या ग्रंथपालाविषयी एक गोष्ट सांगितली जाते. तो लगबगीने, आनंदात कोठे तरी निघाला होता. कारण विचारल्यावर कळले की, सारी पुस्तके कपाटात सुखरूप आहेत, केवळ दोन एका प्राध्यापकाकडे आहेत, आणि ती आणण्यासाठीच तो चालला आहे. गोष्ट विनोदी असली, तरी तीत एक वृत्ती दिसते. पुस्तक ही जपून ठेवण्याची ठेव आणि वाचक हा तिच्यावरील धोका, अशी ती वृत्ती होय. मध्ययुगीन युरोपात तर काही ग्रंथालयांतील ग्रंथ साखळदंडांनी बांधलेले असत. पुस्तके दुर्मीळ आणि महाग असताना ही दक्षता समजण्यासारखी होती. मुद्रणाच्या युगात साखळी गेली, परंतु मनातील साखळी मात्र बराच काळ टिकली.

रंगनाथन यांनी मद्रासमध्ये प्रथम तिला हात घातला. त्यांनी मुक्तद्वार पद्धत स्वीकारली, म्हणजे वाचकांना मांडण्यांपर्यंत जाण्याची मुभा दिली. पुस्तक फाटेल, हरवेल, जागा बदलेल, ही भीती सर्वत्र व्यक्त होत असे. तिच्यावर त्यांचे उत्तर साधे होते. काही पुस्तके हरवण्याची हानी ही हजारो पुस्तके न वाचली जाण्याच्या हानीपेक्षा लहान असते. ग्रंथालय उघडे राहण्याचा वेळ त्यांनी वाढवला, कारण वाचकाला सवड असते त्या वेळी दार बंद असेल, तर आतील संग्रह कितीही मोठा असला तरी व्यर्थ होय. मांडणीची उंची सामान्य माणसाचा हात पोहोचेल एवढीच असावी, असा त्यांचा आग्रह होता. शिडी लागणारे कपाट म्हणजे वाचकाला नकार देण्याचाच एक प्रकार, असे त्यांना वाटे.

सर्वांत महत्त्वाचा बदल कर्मचाऱ्यांच्या भूमिकेत झाला. देवघेवीच्या टेबलाशी बसून नोंदी करणे एवढेच त्यांचे काम राहू नये, यावर रंगनाथन यांचा कटाक्ष होता. नवखा वाचक आला की त्याच्याबरोबर मांडणीपर्यंत चालत जावे, त्याला नेमके काय हवे ते आपुलकीने जाणून घ्यावे, तालिका कशी पाहायची ते दाखवावे आणि त्याच्या हाती योग्य पुस्तक पडेपर्यंत त्याला सोडू नये, अशी त्यांची शिकवण होती. यालाच संदर्भसेवा म्हणतात. या सेवेसाठी त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वतंत्र माणसे नेमली. १९३६ मध्ये हे ग्रंथालय समुद्रकिनाऱ्याजवळील स्वतःच्या वास्तूत गेले.

या सुमारे वीस वर्षांत त्यांनी सुट्टी अशी घेतलीच नाही. आठवड्याचे सातही दिवस ते तेरा-तेरा तास काम करीत. विवाहाचा विधी आटोपून त्याच दिवशी दुपारी ते ग्रंथालयात हजर झाले होते. या निष्ठेचे कौतुक करताना तिची किंमत घरच्यांनाही मोजावी लागली असेल, हे चरित्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

४.२.५ पाच सूत्रे

ग्रंथालयात करावयाच्या असंख्य गोष्टींमागे काही मोजकी तत्त्वे असली पाहिजेत, हा विचार रंगनाथन यांना वर्षानुवर्षे छळत होता. १९२८ मध्ये गुरू रॉस यांच्याशी झालेल्या बोलण्यातून त्यांना पहिले सूत्र गवसले आणि उरलेली त्याच्यामागून उलगडत गेली. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणारा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सूत्रांचा आशय आपण वाचकाच्या बाजूने समजावून घेऊ.

पहिले सूत्र ग्रंथाचे प्रयोजन सांगते. ग्रंथ वापरला जाण्यासाठी आहे. ग्रंथालयाची जागा, वेळ, आसने, प्रकाश आणि कर्मचाऱ्यांचा स्वभाव या साऱ्यांची कसोटी एवढीच की, त्यांमुळे वापर वाढतो की घटतो.

दुसरे सूत्र वाचकाच्या हक्काचे आहे. प्रत्येक माणसासाठी त्याचे असे पुस्तक कोठे तरी असते आणि ते त्याला मिळाले पाहिजे. प्रत्येक या शब्दाचा रंगनाथन यांनी अक्षरशः अर्थ घेतला. स्त्रिया, खेड्यांतील लोक, रुग्णालयातील रुग्ण, तुरुंगातील कैदी, दृष्टिहीन आणि निरक्षर यांपैकी कोणालाही त्यांनी वगळले नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवणे, हेही ग्रंथालयाचेच काम त्यांनी मानले.

तिसरे सूत्र पुस्तकाच्या बाजूने विचार करते. प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक भेटला पाहिजे. याचे उत्तम उदाहरण तंजावर जिल्ह्यातच सापडते. कुंभकोणम येथे शाळकरी वयाच्या श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती तेथील महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कार या लेखकाचे गणिताचे पुस्तक आले. हजारो सिद्धान्तांची ती एक रुक्ष जंत्री होती. शाळकरी मुलाला असे पुस्तक सुचवण्याचे धाडस कोणी केले नसते. परंतु त्या पुस्तकाला त्याचा वाचक भेटला आणि पुढचा इतिहास आपण जाणतोच. या थोर गणितज्ञाचे चरित्र रंगनाथन यांनी पुढे १९६७ मध्ये लिहिले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मुक्तद्वार पद्धत, नव्या पुस्तकांचे प्रदर्शन आणि विषयवार मांडणी ही सारी अशा भेटी घडवण्याची साधने आहेत.

चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. दिवसभर काम करून संध्याकाळी ग्रंथालयात आलेल्या माणसाजवळ अर्धा तास असतो. तो पुस्तक शोधण्यातच संपला, तर तो माणूस पुन्हा येईलच असे नाही. पाचवे सूत्र ग्रंथालयाला वाढत्या सजीवाप्रमाणे मानते. पुस्तके, वाचक आणि सेवक या तिन्ही अंगांनी त्याची वाढ व्हावी, अशी त्यात अपेक्षा आहे.

आपल्या ध्यानात आले असेल की, या पाचांपैकी एकाही सूत्रात वाचनाचे महत्त्व सांगणारा उपदेश नाही. वाचकाने काय करावे हे ती सांगत नाहीत. ग्रंथालयाने काय करावे, हे ती सांगतात. रंगनाथन यांच्या विचाराचे वैशिष्ट्य येथे आहे. वाचनाची गोडी व्याख्यानाने लागत नाही. योग्य पुस्तक योग्य वेळी हाती पडले की ती आपोआप लागते, आणि ते हाती पडेल अशी व्यवस्था करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे.

४.२.६ बैलगाडीतून पुस्तके

मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना १९२८ मध्ये झाली आणि रंगनाथन तिच्या अग्रभागी होते. १९२९ पासून त्यांनी ग्रंथपालांसाठी उन्हाळी प्रशिक्षण वर्गही सुरू केले. परंतु शहरातील ग्रंथालय कितीही चांगले असले, तरी खेड्यातील शेतकरी तेथे येणार कसा? जो येऊ शकत नाही त्याच्याकडे ग्रंथालयाने जावे, हे दुसऱ्या सूत्राचे उत्तर होते. तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे कनकसभाई पिळ्ळै यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३१ मध्ये बैलगाडीवरील फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्यामागे रंगनाथन यांची प्रेरणा होती. धान्य आणि कडबा वाहणारी बैलगाडी आता पुस्तकांसह गावोगाव जाऊ लागली. खर्चिक वाहनाची वाट न पाहता, गावाला ओळखीचे असलेले साधन वापरले गेले, ही यातील शिकण्यासारखी गोष्ट आहे.

४.२.७ उत्तरायुष्य

विद्यापीठातील मतभेदांमुळे १९४५ मध्ये रंगनाथन मद्रास सोडून बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथे दोन वर्षांत त्यांनी सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण स्वतः केले. १९४७ नंतर त्यांनी दिल्ली विद्यापीठात अध्यापन केले. काही काळ ते झुरिच येथे राहिले आणि त्यानंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात त्यांनी शिकवले. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची उभारणी केली.

ग्रंथालय ही एखाद्या दात्याची मेहेरबानी न राहता कायद्याने मिळणारी सेवा व्हावी, यासाठीही ते झटले. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ चा मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. स्वतंत्र भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने त्याआधीच, १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता, तर महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला आणि १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांची राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. त्यांची राहणी अत्यंत साधी होती. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले. त्यातून ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन झाले व त्याला त्यांनी पत्नी शारदा यांचे नाव जोडले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

४.२.८ मूल्यमापन

रंगनाथन यांच्या साऱ्याच कल्पना सारख्या रुजल्या नाहीत. त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती बुद्धीला स्तिमित करणारी असली, तरी ती क्लिष्ट असल्यामुळे बहुसंख्य ग्रंथालयांनी जुनी दशांश पद्धतीच पसंत केली. त्यांचा कायद्याचा आग्रहही सर्व राज्यांनी लवकर मनावर घेतला नाही. परंतु पाच सूत्रे मात्र जगभरच्या ग्रंथपालांच्या शिक्षणाचा पाया ठरली. छापील पुस्तकाच्या जागी पडद्यावरील मजकूर आला, तरी ती कालबाह्य झालेली नाहीत, कारण त्यांच्या केंद्रस्थानी वाचक आहे.

दूरशिक्षण घेणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या चरित्राचे विशेष महत्त्व आहे. नोकरी, शेती आणि संसार सांभाळून आपण वाचता. आपल्याजवळचा वेळ थोडा असतो आणि शिक्षक रोज समोर नसतो. चौथे सूत्र जणू आपल्याच परिस्थितीचा विचार करते. ग्रंथालयात जाऊन मदत मागणे हा संकोचाचा विषय नसून तो आपला हक्क आहे, एवढे जरी या घटकातून आपल्या मनात ठसले, तरी त्याचे प्रयोजन सफल होईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ग्रंथपालपदाचा स्वीकार केल्यावर रंगनाथन प्रारंभी अस्वस्थ का झाले?
(आ) मुक्तद्वार पद्धत म्हणजे काय?
(इ) तिसऱ्या सूत्राच्या स्पष्टीकरणासाठी कोणते उदाहरण दिले आहे?

४.३ सारांश

गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये अनिच्छेनेच ग्रंथपाल झाले. इंग्लंडमधील ग्रंथालये पाहिल्यावर त्यांना या व्यवसायातील माणसांचे महत्त्व उमगले. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी मांडण्या वाचकांना खुल्या केल्या, वेळ वाढवला आणि संदर्भसेवा सुरू केली. १९३१ मध्ये त्यांनी पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. वाचकाला उपदेश करण्याऐवजी त्याच्या वाटेतील अडथळे दूर करावेत, हे त्यांच्या जीवनकार्याचे सार होय.

४.४ पारिभाषिक शब्द

तालिका : ग्रंथालयातील पुस्तकांची पद्धतशीर सूची.
संदर्भसेवा : वाचकाला हवे ते पुस्तक वा माहिती मिळवून देण्यासाठी केलेले व्यक्तिगत साहाय्य.
मुक्तद्वार पद्धत : वाचकाला मांडणीपर्यंत जाऊन पुस्तक स्वतः निवडू देण्याची पद्धत.

४.५ स्वाध्याय

१. रंगनाथन यांच्या जीवनातील इंग्लंड-वास्तव्याचे महत्त्व सुमारे १५० शब्दांत लिहा.
२. पाच सूत्रांपैकी आपणांस सर्वाधिक महत्त्वाचे वाटणारे सूत्र कोणते? सकारण स्पष्ट करा.
३. निष्ठा आणि तिची किंमत या दोहोंचा विचार करून रंगनाथन यांच्या व्यक्तिमत्त्वाचे मूल्यमापन करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला भेट द्या. उघडे राहण्याची वेळ, मांडणीची उंची, वाचकाला आत जाण्याची मुभा आणि नव्या वाचकाला मिळणारे साहाय्य या चार बाबींची नोंद करा. त्यानंतर, पूर्वी कधीच ग्रंथालयात न गेलेल्या एका व्यक्तीला सोबत न्या आणि तिला तिच्या आवडीचे एक पुस्तक सापडेपर्यंत मदत करा. या अनुभवाचे दोन पानी टिपण अभ्यासकेंद्रावर सादर करा.